उघड्या डोळ्यांची प्रार्थना

दाजींच्या नंबरवरून कधी साधा फोन येत नसे. यायचा तो व्हिडिओ कॉल, आणि तोही आधी कपाळ, मग छताचा पंखा, मग एक कान आणि शेवटी कधीतरी पुरता चेहरा, अशा क्रमाने. ते दवाखान्यात दाखल झाले आणि मोबाइल अक्काच्या हातात आला, तरी तीही सवयीने व्हिडिओच लावायची. त्यामुळे त्या सकाळी शाळेत हजेरी घेताना मोबाइलवर 'शांतवन दाजी' हे नाव उमटलं आणि नुसतीच घंटी वाजत राहिली, तेव्हा फोन उचलण्याआधीच मला काय ते कळलं. अक्का एवढंच म्हणाली, "ये." तिला आपला चेहरा मला दाखवायचा नव्हता. मी हजेरीपट मिटला, शेजारच्या वर्गातल्या बाईंना वर्ग सांभाळायला सांगितलं आणि रिक्षात बसले. रस्ताभर माझे ओठ हलत होते म्हणे. मी त्याच्याशीच बोलतेय असं वाटून रिक्षावाल्याने आरशातून दोनदा विचारलं, "बेन, मने कंई कह्युं?" त्याला काय सांगणार, की आमच्या घरात असंच बोलतात...

या गोष्टीला आता दीड महिना झाला. अक्का सारखी म्हणते, तू लिहितेस ना पुरवण्यांमधून, मग त्यांच्यावर लिही. म्हणून लिहायला बसले आहे. रडगाणं लिहिणार नाही. दाजींना ते आवडलं नसतं, आणि मलाही जमत नाही.

शांतवन दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, मार्थाअक्काचे यजमान. धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. ऐन तरुणपणी सुरतेत आले आणि उधन्याच्या लूम्सच्या खात्यात कारीगर म्हणून लागले ते साठी उलटेपर्यंत. इथे कापड विणण्याच्या कारखान्याला खातंच म्हणतात. आमचं माहेर नगरकडचं, चार पिढ्यांचं ख्रिस्ती, त्यामुळे दाजींची अहिराणी आम्हाला सुरुवातीला परकी वाटायची, आणि त्यांना आमची भाषा फार 'शाळेतली' वाटायची. मी डी.एड. करून इथल्या मराठी शाळेत नोकरीला लागले आणि डिंडोलीला त्यांच्या घरी राहायला आले, त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. मी 'मास्तरीणबाई'. रागावले तरी मास्तरीणबाईच.

ज्यांनी लूम्सचं खातं आतून पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगायला हवं. आत इतका खडखडाट असतो की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही. म्हणून कारीगर ओरडतच नाहीत. ओठ नीट हलवायचे, हाताने खूण करायची, पलीकडच्या रांगेतला माणूस बरोबर समजतो. चहा, पाणी, देखरेखीचा मास्तर आला, सगळ्याला खुणा. सुताचा तार तुटला, गाठ मारतोय, याची खूण म्हणजे अंगठा आणि पहिलं बोट जुळवून हवेत एक पीळ द्यायचा. दाजी हीच बोली घरी घेऊन आले आणि अक्का ती शिकली, मागून मीही. एकदा एक दूरच्या आत्याबाई पाहुण्या म्हणून आल्या आणि जायचं नावच घेईनात. जेवताना त्यांच्या पाठीमागे उभं राहून दाजींनी ओठांनी विचारलं, "हाई बाई कदी जाई?" अक्काला वरण वाढता वाढता ठसका लागला. आत्याबाईंनी तिला मायेने पाणी दिलं आणि आणखी आठवडाभर राहिल्या.

ज्या खडखडाटाने ही बोली दिली, त्यानेच कान नेले. हळूहळू, इतकं हळू की बाहेर कुणाला पत्ताही लागला नाही. दाजी समोरच्याचे ओठ वाचून चटचट उत्तर द्यायचे, त्यामुळे लोकांना वाटायचं, जरा कमी ऐकतात एवढंच. दाजींच्या मुलीने, माझ्या भाचीने, कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते लावलं की त्यांना आवाज मोठे यायचे, पण शब्द एकही यायचा नाही. थोडे दिवस लावून त्यांनी ते कपाटात ठेवलं. मी फार वाईट वाटून घेतलं, तर मलाच समजावू लागले. "मी बहिरा व्हयनू," ते म्हणाले, "देव थोडाच बहिरा व्हयना?"

घरातली प्रार्थना मात्र बदलली. पूर्वी जेवणाआधी अक्का मान खाली घालून, डोळे मिटून आभार मानायची, आणि दाजी बिचारे तिच्या भांगाकडे बघत आमेनची वाट पाहायचे. एके दिवशी त्यांनी बोटाने तिची हनुवटी वर केली. खाली बघून मागशील तर मला कसं कळेल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या दिवसापासून आमच्या घरी जेवणाची आणि संध्याकाळची प्रार्थना उघड्या डोळ्यांनी, एकमेकांकडे तोंड करून आणि बहुतेक वेळा आवाजाशिवाय होते. पहिल्यांदा मला फार अवघड गेलं. डोळे मिटले की माणूस लपतो. उघड्या डोळ्यांनी, कुणी आपल्याकडे टक लावून बघत असताना देवाला काही सांगायचं म्हणजे खोटं बोलता येत नाही, आणि पाठ केलेलं घडाघडा म्हणूनही टाकता येत नाही.

एकदा अक्का तापाने आजारी होती म्हणून दाजींचा डबा घेऊन मी खात्यावर गेले. दारातून पाहिलं तर दाजी आपल्या लूमपाशी उभे, एक तार जोडत होते, आणि ओठ हलत होते. पलीकडच्या रांगेतून त्यांचे सोबती सुपडूआप्पा त्यांच्याकडे बघून मान डोलावत होते. मला वाटलं, गप्पा चालल्यात. डबा देऊन बाहेर चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, आले तर मागोमाग सुपडूआप्पाही आले. त्यांना विचारलं, काय बोलत होते दाजी? आप्पा खो खो हसले. "मनासंगे नही वो बाई, त्याना देवसंगे बोलस तो." मग त्यांनी मला सगळं उलगडून सांगितलं. दाजींचा एक रिवाज होता. तार तुटला की गाठ मारायची, आणि प्रत्येक गाठीला एका माणसाचं नाव घेऊन त्याच्यासाठी देवाकडे मागायचं. तार दिवसभर तुटतच असतात, त्यामुळे नावंही दिवसभर चालत. आधी अक्का, मग भाची, मग मी, मग खात्यातले एकेक. ओठ वाचता येणाऱ्या माणसांच्या खात्यात खाजगी प्रार्थना कशी राहणार? सगळ्या रांगेला ठाऊक होतं कुणासाठी काय मागितलं जातंय. सुपडूआप्पा तर नवरात्राचे कडक उपास करणारे, पण त्यांनी आपली मागणी बिनदिक्कत तिथे नोंदवली होती. म्हणाले, "मन्ही पोरनं लगन बी यानीच जमाडं. फक्त सांगी ठेयेल शे, मनी सासूनं नाव नको लेऊ, ती आखो शंभर वरीस जगी."

मी हसले खरी, पण परत येताना रिक्षात माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वर्षी आमची आई गेली होती आणि माझी प्रार्थना पार बंद पडली होती. ओठ हलवायचे, पण आत काही नाही. आणि हा माणूस रोज माझ्या नावाची गाठ मारत होता. त्या संध्याकाळी मी दाजींना सरळ सांगून टाकलं की मला जमत नाही, देवाशी माझा तार तुटला आहे. मला वाटलं होतं, ते बायबलमधलं काही वचन सांगतील. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मी नीट बोलले की नाही याची खात्री करून घेतल्यासारखे. मग म्हणाले, "तार तुटस. त्यामा काय लाज? गाठ मार, चालू कर." आणि उठून हात धुवायला गेले. मी पुष्कळ उपदेश ऐकले आहेत, चांगले चांगले. अडचणीच्या वेळी मला आठवतं ते एवढंच.

आता चर्चमधली गोष्ट. ती सांगितल्याशिवाय दाजी कळणार नाहीत.

दाजी रविवारी पहिल्या बाकावर, डाव्या टोकाला बसत. तिथून पाळकांचं तोंडही दिसे आणि जरा वळलं की मंडळीचीही तोंडं दिसत. जुन्या पाळकसाहेबांना सगळं माहीत होतं. दाजींनी एकदा त्यांच्याकडे जाऊन नम्रपणे विनंती केली होती की साहेब, मिशी थोडी कमी केलीत तर बरं, वरचा ओठ दिसत नाही. साहेबांनी दुसऱ्याच रविवारी मिशी कातरली. पाळकीणबाई अक्काला म्हणाल्या होत्या, मी वर्षानुवर्षं सांगत होते, माझं ऐकलं नाही. पण साहेब निवृत्त झाले, नवे तरुण पाळक आले, आणि त्यांच्याबरोबर चर्चला नवी माइकची व्यवस्थाही आली. सगळ्यांना खणखणीत ऐकू येऊ लागलं. दाजींचा मात्र उपदेशच बंद झाला, कारण नवे पाळक माइक तोंडाला लावून बोलत आणि ओठ त्याच्याआड जात. दाजी घरी येऊन म्हणायचे, आज एक काळा लाडू तासभर बोलला.

त्यांनी तक्रार केली नाही. माझ्या एकट्यासाठी सगळ्यांचा आवाज कशाला कमी करायचा, असं त्यांचं म्हणणं. पाळकांचे ओठ गेले म्हणून ते जास्त वळून मंडळीकडेच बघू लागले. गीत चालू असताना लोकांची तोंडं बघून त्यांना कळे की कोणतं कडवं आलंय. आणि मोठी प्रार्थना सुरू झाली, सगळ्यांनी डोळे मिटले, की दाजी डोळे उघडे ठेवून वळून बघत राहत. पुष्कळांचे ओठ त्या वेळी आपापलं काही पुटपुटत असतात, तेच ते वाचत. त्यांच्यासाठी उपासना उरली होती ती एवढीच.

चर्चच्या कमिटीतले एक ज्येष्ठ, बेंजामिनभाऊ, यांना हे खटकलं. शिस्तीचे गृहस्थ, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, कुजबुज करणाऱ्या पोरांना मागच्या बाकावरून नुसत्या नजरेने गप्प करणारे. त्यांनी पाळकांच्या कानावर घातलं की शांतवन प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवून लोकांकडे, बायकांकडे बघत बसतो. गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. अक्का संतापाने लाल झाली. म्हणाली, आजपासून जायचंच नाही तिथे, घरी प्रार्थना करू, देव काय त्याच चार भिंतींत आहे? मीही तिच्याच बाजूची. एका हितचिंतकाने तर फार समजूतदारपणे सुचवलं की नाहीतरी त्यांना ऐकू येत नाही, मग घरीच राहिले तर काय बिघडलं?

दाजींना मी आयुष्यात एकदाच हट्ट करताना पाहिलं, तो तेव्हा. त्यांनी रविवारचा पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला. अक्का दारात आडवी उभी. तिला बाजूला न सारता, तिच्यासमोर उभं राहून ते म्हणाले की घरी मी देवाशी बोलतो, ते कुठेही बोलीन, खात्यात बोललो, दवाखान्यात बोलीन. "पन मंडळी देवले काय मांगस, ते माले देखनं शे. ते घर कसं दिसी?" अक्का बाजूला झाली. मग आम्हीही साड्या बदलल्या.

उपासना संपल्यावर पाळकांनी आम्हाला बाजूच्या खोलीत बोलावलं. नाताळचा तारा आणि चहाची मोठी पातेली ठेवतात ती खोली. पाळक, बेंजामिनभाऊ, दाजी आणि दुभाषी म्हणून मी. अक्काला मुद्दामच बाहेर ठेवलं होतं. बेंजामिनभाऊंनी सौम्यपणे सुरुवात केली, पण मुद्द्याला आलेच. "प्रार्थनेच्या वेळी तुमचे डोळे उघडे असतात, हे मी स्वतः पाहिलंय," ते म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही. मी विचारलं, "त्या वेळी तुमचे कुठे होते, भाऊ?" पाळक एकदम खिडकीबाहेर बघू लागले. बेंजामिनभाऊंचा चेहरा कठीण झाला. आता भांडण पेटणार, आणि ते पेटलं की आमचं या मंडळीतून नाव जाणार, हे मला दिसत होतं. पाळकांना मी सांगू लागले होते की दाजींना काही म्हणजे काहीच ऐकू येत नाही, ते ओठ वाचतात, पण दाजींनी हाताने मला थांबवलं.

ते बेंजामिनभाऊंच्या समोर, अगदी जवळ जाऊन बसले. दाजींचा आवाज एरवी गडगडाटी. स्वतःला ऐकू येत नसलेल्या माणसाचा असतो तसा. पण त्या वेळी त्यांनी आवाज काढलाच नाही. खात्यातल्यासारखे नुसते ओठ हलवले, सावकाश, एकेक शब्द सुटा. त्यांनी काय म्हटलं ते मी वाचलं. म्हणाले, ज्योएल घरी यावा म्हणून तुम्ही दर रविवारी मागता. मीही मागतो, रोज.

ज्योएल हा बेंजामिनभाऊंचा मुलगा. बापाशी भांडून घर सोडून गेलेला. भाऊंनी लोकांना सांगितलं होतं की परदेशात नोकरीला आहे. खरं काय ते घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. भाऊंनी ते फक्त देवाला सांगितलं होतं, मागच्या बाकावर, मिटल्या डोळ्यांनी, आवाज न करता. आता त्यांना काही ओठ वाचायची सवय नव्हती. पण स्वतःच्या मुलाचं नाव समोरच्याच्या ओठांवर ओळखायला शिकावं लागत नाही. त्यांनी चष्मा काढला. तो रुमालाने पुसला. पाळक गोंधळून माझ्याकडे बघत होते, काय म्हणाले हे? मी नाताळच्या ताऱ्याकडे बघू लागले. शेवटी बेंजामिनभाऊ उठले, दाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाळकांना म्हणाले, "विषय संपला, साहेब. माइक जरा हनुवटीच्या खाली धरत जा."

हे सगळं मी आज लिहिते आहे ते बेंजामिनभाऊंना विचारूनच. ते म्हणाले, लिही, नाव बदलू नकोस, त्याच्या वाचनात आलं तर बरंच. ज्योएल अजून आलेला नाही. हे मी आत्ताच सांगून टाकते, नाहीतर वाचक शेवटपर्यंत वाट बघतील. दाजीही शेवटपर्यंत वाट बघत होते, पण त्यांना त्याचा त्रास झालेला मी पाहिला नाही. एकदा मी चिडून विचारलं होतं, इतकी वर्षं मागता, देव देत नाही, कंटाळा येत नाही? त्यांनी मलाच विचारलं, तू वर्गात एकच पाढा किती वर्षं म्हणून घेतेस? मी म्हटलं, पोरं दर वर्षी नवी असतात. म्हणाले, मग दिवस बी नवाच असतो.

खातं सुटल्यावर जोडायला तार उरले नाहीत, पण बोटांची सवय राहिली. गाडीची वाट बघताना, मटार सोलताना, रेशनच्या रांगेत, चर्चच्या बाकावर, अंगठा आणि बोट मधूनच हवेत पीळ देऊन जायची. अक्का म्हणायची, हे बघ, आता कुणाचा नंबर लागला कोण जाणे.

शेवटची भेट दवाखान्यातली. हृदयाचं दुखणं, मग छातीत पाणी. अतिदक्षता विभागात सगळ्यांच्या तोंडाला मास्क, डॉक्टरांच्या, सिस्टरांच्या, माझ्याही. माझ्या दाजींना कुणाचे ओठच दिसत नव्हते. भोवती एवढी माणसं आणि त्यांना एकही शब्द मिळत नव्हता. मला ते सहन झालं नाही. मी माझा मास्क खाली ओढला. सिस्टर रागावली, मी तिला हात जोडले. ती पाठ फिरवून औषधाच्या बाटल्या लावू लागली. मी दाजींच्या डोळ्यांसमोर तोंड नेलं आणि डोळे उघडे ठेवून, आवाज न करता प्रार्थना केली. लांबलचक नाही. देवा, हे तुझे आहेत, यांना धरून ठेव, एवढंच. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. मग उत्तर द्यायला त्यांनीही ओठ हलवले असावेत, पण त्यांच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता, आणि तो वाफेने पांढरा झालेला. आयुष्यात पहिल्यांदा मला दाजींचं बोलणं वाचता येईना... मी हाताकडे पाहिलं. चादरीवर अंगठा आणि बोट जुळली होती. एक पीळ. थोडं थांबून दुसरा. मग तिसरा. मला कळत नव्हतं कुणाकुणाची नावं चालली आहेत, पण मी तिथून निघेपर्यंत त्या गाठी थांबल्या नव्हत्या. सकाळी तो साधा फोन आला.

अक्का डगमगली नाही. तिसऱ्या दिवशीच तिने मला सांगितलं की संध्याकाळची प्रार्थना चुकवायची नाही. आम्ही दोघी समोरासमोर बसतो, डोळे उघडे ठेवतो, आणि ओठ स्पष्ट हलवतो. तुम्हा दोघींनाही चांगलं ऐकू येतं, मग हे कशाला, असं शेजारच्या बाईंनी विचारलंही. अक्का म्हणाली, हात बसलाय. रडू आलं तर ती रडते, पण ओठ थांबवत नाही.

मागच्या रविवारी, दाजींनंतर पहिल्यांदाच, आम्ही दोघी चर्चला गेलो. पहिल्या बाकाचं डावं टोक रिकामं असेल आणि ते बघवणार नाही, या भीतीने मी मान खालीच ठेवली होती. पाळकांनी मोठी प्रार्थना सुरू केली, माइक हनुवटीच्या खाली धरून. सगळ्यांचे डोळे मिटले. माझे काही आता मिटत नाहीत. मी वर पाहिलं तर डाव्या टोकाला बेंजामिनभाऊ बसले होते. मागच्या बाकावरची आपली जागा सोडून ते तिथे येऊन बसले होते, आणि मंडळीकडे वळून, चष्म्यातून डोळे बारीक करून एकेकाच्या ओठांकडे बघत होते. त्यांना काही धड वाचता येत नसणार. बघता बघता त्यांची नजर माझ्यावर आली. मला वाटलं, ते ओशाळतील. ते ओशाळले नाहीत. त्यांनी आवाज न करता, नवशिक्यासारखे ओठ फार मोठे उघडून विचारलं, "तुझं काय?"

मी तसंच आवाजाशिवाय सांगितलं, "अक्का."

त्यांनी मान हलवली. मग अंगठा आणि बोट जुळवून, जरा चुकीच्या बाजूला, एक पीळ दिला.